रुग्णासोबत नातेवाईक आवश्यक

नाशिक,
गुरुवार, दुपार

आदरणीय भिमाआत्या,

सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे? तुझा सनी म्हणत होता की तू जिना चढणं बंद केलंस, पण शेजारच्या पोरांना पाढे शिकवायला गच्चीवर मात्र रोज जातेस. (गच्चीवर जायला जिनाच लागतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तूच सांग तिला, माझी हिंमत नाही.) घोटीत भातकापणी जोरात असेल. आम्ही इकडे सुखरूप आहोत. आम्ही म्हणजे मी एकटाच, पण पत्रात असं लिहायची रीत तूच शिकवलीस.

मोबाईल असताना पत्र कशाला, असं तू चष्मा पुसत म्हणशील. कारण आहे. फोनवर मी फार सफाईने खोटं बोलतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, म्हणून बारा वर्षं काढली की जिभेला तसं वळणच पडतं. हाताने लिहिताना मात्र खोटं बोलायचा कंटाळा येतो. तेव्हा पत्र लांबणार आहे, चहा टाकून बस.

तुला माझं काम माहीत आहे (गल्लीत तू मला 'गोळ्यांचा मास्तर' म्हणतेस, तेही कळलंय). सध्या मी 'मुक्टोल' विकतो. दारूची ओढ कमी करणारी गोळी, रोज सकाळी एक. आणि नाशकात माझ्यासमोर उभा होता सावळीराम. लासलगावकडचा, घरचे कांदेवाले, वय पन्नाशीचं, अंगात कायम फिका निळा शर्ट. तो विकतो 'विरामिन'. काम तेच, फक्त ही दिवसातून तीनदा घ्यायची. आता एकदाची गोळी खपावी की तीनदाची? कोणीही सांगेल, एकदाची. पण अख्खं शहर तीनदाची लिहीत होतं, कारण ती सावळीराम विकत होता. मी डॉक्टरपुढे चकचकीत चित्रांचं पुस्तक उलगडून, पेनाच्या टोकाने आलेख दाखवत, पाठ केलेलं तीन मिनिटांत म्हणून दाखवतो. हा बॅगच उघडत नाही. हात जोडून म्हणतो, "साहेब, हिच्यानं पयल्या हप्त्यात पोट बिघडतं. पेशंटला आधीच सांगून ठिवा, नायतर तो गोळी सोडतो." स्वतःच्या मालाची अशी बदनामी करून हा माणूस वर्षाचं टार्गेट आठ महिन्यांत पुरं करायचा. मी एकदा धीर करून विचारलं की तीनदाची गोळी लोक विसरत नाहीत का. म्हणाला, "एकदाची इसरली तर दिवस गेला. तीनदाची इसरली तर आजून दोन हायेतच." मी घरी जाऊन ते वहीत लिहून ठेवलं.

आमचं खरं रणांगण होतं पंडित कॉलनीतला डॉ. अंजली मॅडमचा व्यसनमुक्तीचा दवाखाना. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं की दुसऱ्या दिवशी त्यावर याचं कॅलेंडर. मी वजनकाट्यावर स्टिकर चिकटवला, तर याने पायपुसणं दिलं, त्यावर विरामिनचं नाव. मग याच्या कंपनीने मॅडमच्या टेबलावर प्लास्टिकचं यकृत ठेवलं, अर्धं चांगलं, अर्धं दारूने खराब झालेलं. आम्ही लगेच त्याहून मोठं दिलं. एका टेबलावर दोन यकृतं. पेशंट बिचारे दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसायचे. आणि इथे माझी बुद्धी फिरली. एकदा मॅडम फोनवर असताना मी याच्या यकृताचा चांगला अर्धा भाग काढून बॅगेत टाकला. दुपारी मॅडम एका माणसाला धीर द्यायला म्हणाल्या, "हे बघा, असं चांगलं होऊ शकतं," आणि हातात आलं ते नुसतं सडकं यकृत. माणूस उठून निघून गेला. संध्याकाळी मॅडमनी आम्हां दोघांना उभं करून विचारलं. सावळीरामला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, "पडलं आसंल कुठं, मी दुसरं आणून देतो." मी बॅग पायामागे सरकवली. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: एमआर भेट बंद.

त्याच आठवड्यात आमचे मॅनेजर दिनेश सर म्हणाले की तिमाही संपायला नऊ दिवस आहेत, अंजली मॅडमची मुक्टोलची एक तरी चिठ्ठी दाखव, नाहीतर राजीनामा टाईप करून ठेव. दार बंद, आणि नोकरी त्या दाराच्या आत. मग मला सुचलं की एमआरला बंदी आहे, पेशंटला कुठे आहे? केसपेपर काढायचा, नंबर लागला की आत जायचं, आणि शर्टाखालून चित्रांचं पुस्तक काढायचं. आत्या, मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी त्या संध्याकाळी तो साजरा केला. (कसा, ते पुढे येतं.)

गुरुवारी गेलो. काउंटरवर नवसाबाई बसतात, पेठकडच्या, डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून चहा घेतात. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "एकला आलास? संगं मानूस कोन?" वर पाटी होती, रुग्णासोबत नातेवाईक आवश्यक. त्या दवाखान्याचा तो नियमच आहे, एकट्या दारुड्याला केसपेपर मिळत नाही. मी म्हटलं नातेवाईक गावी आहेत. त्या म्हणाल्या, मग गावीच जा. मी वळलो, तर बाकावर बायकामाणसांच्या मधोमध सावळीराम बसलेला. मला वाटलं, संपलं, आता हा ओरडून सांगणार. तो उठला, काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "माझ्यासंगं हाय त्यो. भाऊ हाय माझा." नवसाबाईंनी दोन्ही आडनावं वाचली. तुला सांगायला नको, त्या दोन आडनावांचे भाऊ आपल्या जिल्ह्यात एका पंगतीलाही उशिरानेच बसले. त्या म्हणाल्या, कसला भाऊ? सावळीराम पापणी न लववता म्हणाला, "मावसभाऊ," आणि नात्याच्या रकान्यात 'भाऊ' वर खूण करून सही ठोकली. मी थक्क झालो, आणि मनात म्हटलं, बेट्याला यातून काय मिळणार ते आता शोधायला हवं.

आत मॅडमनी वर न बघता प्रश्न विचारायला सुरुवात केली. आठवड्यातून किती दिवस? कधीपासून? एकटे की सोबत? मी तयारी केली नव्हती, आणि खोटं आयत्या वेळी सुचत नाही. म्हणून सोयीसाठी माझीच माहिती दिली. सटाण्याच्या लॉजवर मुक्काम असला की काय होतं ते सांगितलं. बॅगेत गोळ्यांच्या नमुन्याखाली बाटली कशी बसते ते सांगितलं. तुझ्याकडे यायच्या आधी अर्धी पुडी बडीशेप चघळतो, हे सांगितलं. हेही सांगितलं की तू सकाळी वंदना घेतेस तेव्हा मी पहिली चार शीलं मोठ्याने म्हणतो आणि पाचवं, दारू न पिण्याचं, ओठातल्या ओठात पुटपुटतो, आणि तू एकदा थांबून माझ्याकडे बघितलं होतंस. अभिनय झकास चाललाय असं मला वाटत होतं. मॅडमचं लिहिणं थांबलं तेव्हा मी पुस्तक बाहेर काढलं आणि म्हटलं, "मॅडम, माफ करा, मी पेशंट नाही. मी मुक्टोलचा एमआर."

मॅडम म्हणाल्या, "असाल. दोन्ही असू शकता."

आत्या, मी त्या खुर्चीत घाबरलो. नोकरीसाठी नाही. बारा वर्षांत मला पहिल्यांदा कोणी तरी काही न विकता सांगितलं होतं. मॅडमनी चिठ्ठी लिहिली. एका गोळीचं जमेल तुम्हाला, तीनचं नाही, म्हणाल्या. मुक्टोल, रोज सकाळी एक. ज्या चिठ्ठीसाठी मी नऊ महिने चपला झिजवल्या, ती मिळाली, आणि वर नाव माझंच. (अंगठ्याने नाव झाकून फोटो दिनेश सरांना पाठवला. त्यांनी फुलांचा गुच्छ पाठवला. नोकरी राहिली.) खाली मॅडमच्या अक्षरात एक ओळ होती: गोळी नातेवाईकाने समोर उभं राहून द्यावी.

बाहेर पायरीवर सावळीरामला विचारलं, तुम्हाला कसं कळलं. म्हणाला, "वर्षभर बघतोय. तुझ्या बॅगेतून गोळ्या वाजत नाय, काच वाजती." मग त्याने सांगितलं की तो दर गुरुवारी इथे विकायला येत नाही, दारू सोडणाऱ्यांच्या सभेला येतो. नऊ वर्षं झाली सोडून. मी विचारलं, कोणत्या गोळीवर सोडली? "तुझ्या." मग विकता विरामिन कशाला? तो जरा ओशाळला. "तुमच्या कंपनीत मुलाखत दिली व्हती. घेतलं नाय मला."

तेव्हापासून रोज पावणेआठला फटफटी माझ्या खोलीखाली थांबते. सावळीराम वर येतो, मुक्टोलची गोळी माझ्या हातावर ठेवतो, पाणी देतो, तोंड उघडायला लावतो आणि काहीतरी दोन वाक्यं बोलायला लावतो, गोळी गालात राहू नये म्हणून. विरामिनचा माणूस मुक्टोल पाजतो. बरं, तू म्हणशील की आता धंद्यात आमची दिलजमाई झाली असेल. छे. आठला गोळी देऊन गेलेला हा माणूस दहा वाजता नाशिक रोडच्या एका डॉक्टरकडे माझं कॅलेंडर उतरवताना मी स्वतः पाहिला. मी बोललो तर म्हणाला, "ते सकाळचं येगळं." एक चिठ्ठी त्याने मला सोडली नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, आता त्याच्यासमोर बसताना पाय आपोआप जवळ येतात, तुझ्या वर्गात यायचे तसे.

गुरुवारच्या सभेलाही जातो. तिथे बायका येतात, नवऱ्याच्या गोळ्या पाकिटात, लेकराच्या बरोबरीने सांभाळत. एक आजी मुलाला गोळी द्यायला एकाही सकाळी चुकली नाही, चार वर्षं. मी इतक्या वर्षांत हजारो गोळ्या खपवल्या, पण एक गोळी तोंडापर्यंत जायला एवढी माणसं उभी असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आज त्रेचाळिसावा दिवस.

गुडघ्याला शेक देत जा. सनीला, उज्ज्वलावहिनीला जय भीम. त्यांच्या रुद्रला पापा.

तुझा,
प्रफुल्ल

ता. क. रुद्रला मी वाढदिवसाला गुळगुळीत तांबडी होडी म्हणून जे दिलं, ती होडी नाही. ते चांगलं अर्धं यकृत आहे. बादलीतून काढून, पुसून परत पाठव. सावळीरामने त्याच्या बदल्यात दुसरं घेऊन दिलंय, तरी.

आणखी एक. वर त्रेचाळीस लिहिलं ते खरं नाही. अठराव्या दिवशी, रविवारी, सावळीराम पुतणीच्या साखरपुड्याला लासलगावला गेला होता. गोळी माझ्या हातात ठेवून गेला, आणि मी ती खिशात ठेवली. पुढचं लिहीत नाही. सोमवारी मी दार उघडल्यावर त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, चिडला नाही, गोळी दिली आणि म्हणाला, "आज एक." म्हणजे आज पंचवीस. त्यानंतर धम्मचक्र दिनाला मी मीटिंग आहे म्हणून आलो नाही, तेही खोटं. मीटिंग नव्हती, तोंड नव्हतं.

शेवटचं. सावळीरामला बढती मिळाली, एक तारखेपासून तो जळगावला. (नाशिक मोकळं झालं म्हणून दिनेश सरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच ठेवला.) त्याच्यामागे सकाळची गोळी कोणी द्यायची, हा प्रश्न आहे. सनी माझं ऐकेल, मला ऐकवणार नाही. तुझा गुडघा मला माहीत आहे, माझी खोली तळमजल्यावर मिळते का ते बघतोय. तीन महिने येशील का? हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, ते एव्हाना तुला कळलंच असेल. ज्याने दिलं, तो ओट्यावर बसलेला सावळीराम. तू नाही म्हणालीस तरी मी समजेन, त्याला मात्र चहा दे. हो म्हणालीस तर त्याच्याकडे एक कागद आहे, त्यावर सही कर. नवसाबाईंनी बजावलंय की त्यात आई, वडील, पत्नी, भाऊ, बहीण एवढेच रकाने आहेत, आत्याचा नाही. खूण कुठे करायची ते तू ठरव. आई गेल्यापासून माझ्या शाळेच्या प्रत्येक कागदावर तू कुठे सही केलीस, ते मी बघितलंय.