मामांच्या हातची फिटिंग

दिघी, रविवार

आदरणीय भीमराजमामा आणि मामी यांना धम्मरत्नचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता वळत असेल आणि मामींचं पथ्य तुमच्यामुळे रोज मोडत असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. (ठीक नाही, म्हणून तर लिहितोय.) फोनच केला असता, पण मामी तो स्पीकरवर टाकतात आणि परभणीत बोललेलं संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर परत येतं. तेव्हा हे पत्र मागच्या दारी बसून एकट्यानं वाचावं.

विषय आमच्या घरच्या लाइटच्या फिटिंगचा आहे, म्हणजे तुमच्याच. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा तुम्ही कंपनीतून सुट्टी टाकून, स्वतःच्या हातानं या घराला लाकडी पट्टीची फिटिंग केलीत, हे मला पाठ आहे, कारण आई ते प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देते. आता मामा, रागावू नका. आपल्या घरात रागाचं खातं माझ्याकडे आहे. यंदा जयंतीला मी गच्चीवरून माळा सोडल्या आणि बटण दाबलं, तर सगळी गल्ली उजळलेली आणि फ्यूज उडून आमचंच घर अंधारात गेलं. समोरचा बंटी म्हणाला की धम्म्याचं घर मौन पाळतंय. त्यावरून आमची जी झटापट झाली तो विषय वेगळा, पण पप्पांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी कुठूनशी जाड तार आणली आणि फ्यूजमध्ये घातली. तेव्हापासून फ्यूज एकदाही गेला नाही. पप्पा सगळ्यांना सांगतात, बघा, रोग गेला. (हे वाचून तुम्ही ताडकन उभे राहिला असाल. बसा. गुडघा.)

रोग कुठं गेला ते मला पॅसेजमधल्या मोठ्या बोर्डाला हात लावल्यावर कळलं. आईनं मिक्सर लावला आणि त्याच वेळी वर अंजलीनं पाणी तापवायला हीटर लावला, की तो बोर्ड तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा लागतो. अंजली म्हणजे वरच्या खोलीतली भाडेकरू. ती आणि तिची आजी, आक्काबाई. अंजली चाकणला कंपनीत जाते. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाही. (होतं. आता मी त्यातून पूर्ण बाहेर आलोय.) एवढंच सांगतो की तिची लाइन आपल्याच बोर्डातून वर जाते, त्यामुळे तिनं हीटर लावला की माझ्या कॉटवरचा दिवा हळूच मान खाली घालतो, आणि बंद केला की परत वर बघतो. ती शिफ्टवरून आली हे मला असं घरबसल्या कळतं. माहितीसाठी सांगितलं.

मग मी ज्योतीराम वायरमनला आणलं. त्यानं चप्पलही न काढता वर बघितलं आणि म्हणाला, सगळं उपटून टाका. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, वासावरून. पुढं म्हणाला, ज्यानं ही केली त्याला नमस्कार, पण त्याच्याही तोंडात आता दात राहिले नसतील. मामा, तुमच्या दातांवर आल्यावर मी गप्प बसेन का? त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आलो. (त्याची शिडी आपल्याकडेच राहिली.) मग मेन स्विच बंद करून मी स्वतः बोर्ड उघडला. डिप्लोमा मी अर्ध्यात सोडला हे खरं, पण अर्धा केला हेही खरंच आहे. आत वायरीवरचं कव्हर बोट लागताच खारी बिस्किटासारखं भुरभुरलं, आणि पट्टी आतून काळी पडलेली. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि पट्टीला परत हात लावला नाही.

तेवढ्यात अंजली खाली आली, लाइट सगळ्यांचीच गेली का, विचारायला. उघडा बोर्ड बघून तिनं आवाज न चढवता विचारलं, "धम्मरत्न, आमची वायर ह्याच्यातूनच वर येते ना?"

मी हो म्हणालो.

"आजी दिवसभर वर एकटी असते," ती म्हणाली. आणि जिन्यावरून म्हणाली की महिनाअखेर चाकणलाच खोली बघते. मला बोलायला पुष्कळ सुचत होतं, पण तोंडातून निघालं ते, "तिकडं पाण्याचा प्रॉब्लेम आहे."

आईला फिटिंग बदलू म्हणालो तर ती जाऊन पट्टीखालीच उभी राहिली. म्हणाली, "घर झालं तेव्हा बाकीच्यांनी भांडी दिली. माझ्या भावानं उजेड दिला. तो काढायचा नाही." दर जयंतीला घराला रंग लागतो, पण पट्टीला ब्रश लावू देत नाही, स्वतः स्टुलावर चढून फडक्यानं पुसते. तिच्याशी मला भांडताही आलं नाही. फ्यूजमधली जाड तार काढून मी बारीक घालतो, पप्पा कामावरून आले की परत जाड घालतात. आणि मी येता-जाता बोर्डाला हात लावून बघतो, तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

बाकी क्षेम.

तुमचा भाचा,
धम्मरत्न

ता. क. मामा, तुम्ही या. बोर्डासमोर उभं राहून आईला तुमच्या तोंडानं सांगा की तानू, माझ्या उजेडाचं वय झालं. पहिली पट्टी तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणी काढली तर ती जेवायची नाही. पुढचं काम ज्योतीराम करेल. माफी मी मागतो, आणि शिडीसाठी त्याला यावंच लागेल. तुम्ही येताय असं मी अंजलीला सांगून टाकलंय. ती म्हणाली, मग मामा येईपर्यंत थांबते.

आणखी एक ता. क. नव्या फिटिंगमध्ये वरची लाइन वेगळी हवी, हे मला मान्य आहे. फक्त एक तांत्रिक शंका. ज्योतीराम त्या दिवशी जाता जाता म्हणाला होता, तसं केल्यावर वर हीटर लावला तरी खालचा दिवा जरासुद्धा हलत नाही. हे खरं आहे का? अगदीच हलत नाही? माझ्या कॉटवरच्या एका दिव्यापुरती काही सोय होत असेल, धोका नसेल तरच, तर बघा. नसेल तर राहू द्या. मग ती आली का हे मला जिना चढून विचारावं लागेल, आणि तो कोर्स मी अजून सुरूही केलेला नाही.