न घासलेला जस्ताचा पत्रा

सर, परवा माझ्या नातीने जेवता जेवता मोबाइल माझ्यापुढे सरकवला. यंदा ती बारावीला आहे. पडद्यावर धातूची एक पट्टी आणि तिच्यावर पडणारा लाल उजेड. तिने तो उजेड वाढवत पार टोकाला नेला, तरी काही नाही. मग उजेड अगदी मिणमिणता केला आणि रंग जांभळ्याच्याही पलीकडे नेला, तर पट्टीतून निळे ठिपके टणाटण उडायला लागले. "बघ ना आजी, एवढ्या धिप्पाड लाल उजेडाला जमलं नाही, आणि या मरतुकड्याला जमलं! आणि डिम केला की इलेक्ट्रॉन स्लो येतात ना?" मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "स्लो नाही गं, कमी येतात. निघतो त्याचा जोर तेवढाच राहतो. जोर रंगावर, संख्या उजेडावर." पोरीचा घास हातातच राहिला. मोबाइलमधला धातू कधी मळत नाही, सर. बोट फिरवलं की प्रयोग यशस्वी. ती पट्टी बघताना मला आपला लॅबमधला जस्ताचा पत्रा आठवला, आणि त्या पत्र्यापायी मी तुम्हाला म्हटलेलं एक खोटं 'हो'. ते मला परत घ्यायचंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुणाच्या हातात देऊ? पण लिहून तरी ठेवते.

यजमान गेले आणि घाटकोपरच्या कॉलेजात त्यांच्या जागेवर मला घेतलं, तेव्हा मी सातवी पास. लॅबमधली काचेची भांडी धुताना मला धडकी भरायची. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून 'अहो बाई' म्हणालात, आणि वर्ग सुटला की माझे हात ओले असतानाच मला फळ्यापुढे बसवलंत. फोटोइलेक्ट्रिकचा प्रयोग तर तुमच्या जीवाचा लाडका. काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं, वर घासून लख्ख केलेला जस्ताचा पत्रा. लोकरीवर चोळलेल्या प्लास्टिकच्या नळीने पत्र्याला ऋण भार दिला की पानं फाकून उभी राहायची. मग साधा शंभरचा बल्ब लावायचा. पानं ढिम्म. दोन बल्ब, चार बल्ब, तरी ढिम्म. आणि पाऱ्याच्या दिव्याचा तो डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश पडला, की पत्र्यातले इलेक्ट्रॉन उडून जायचे आणि पानं सावकाश मिटत यायची. मी विचारलं, असं का हो? तुम्ही म्हणालात, "नारळावर शंभर टिचक्या मारल्या म्हणून तो फुटतो का?"

"फुटतो की सर. कोयत्याच्या पाठीने फिरवत फिरवत हलके ठोकायचा. दोन सारखी भकलं होतात."

तुम्ही खडू ठेवून हसत सुटलात. "अहो बाई, नारळ राहिला बाजूला, माझा दाखलाच फोडलात की!" मग म्हणालात, नारळ मार साठवतो, इलेक्ट्रॉन साठवत नाही. एका वेळी एकच टोला खातो. पुरला तर सुटतो, नाही पुरला तर विसरतो. ते ऐकून मी पटकन म्हटलं, "म्हणजे आमच्या माळ्यावरच्या लाडवाच्या डब्यासारखं. धाकटा शंभर उड्या मारतो, हात पोचत नाही. त्याच्याएवढी चाळीतली सगळी पोरं आणून उडवली तरी पोचायचा नाही. थोरली एकदाच टाच उचलते आणि लाडू घेते. तशा चार थोरल्या आल्या तर चार लाडू." तुम्ही खडू उचलून फळ्याकडे वळलात. मला वाटलं, लागली वाट, काहीतरी अडाण्यासारखं बोलले. तुम्ही फळ्यावर लिहिलंत : तरंगलांबी जितकी कमी तितकी उडी उंच, तीव्रता म्हणजे उडी मारणाऱ्यांची संख्या. आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात सांगितलंत, "हा दाखला बाईंचा." मागे बरण्या पुसत उभी होते मी. तो दिवस मी कितीदा काढून बघते, कपाटातली ठेवणीतली साडी बघावी तसा.

आणि मग तो दसरा. तुमच्या निवृत्तीचं वर्ष. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दरवर्षीसारखी मी लॅबमधल्या उपकरणांची पूजा केली. तराजू, भिंगं, चुंबक सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. त्या वर्षी मात्र मनात आलं, सरांचा शेवटचा दसरा, सरांचा लाडका पत्रा तेवढा उजळ दिसावा. म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवून त्यावर कुंकू रेखलं. सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्याच दिवशी तुमचा शेवटचा प्रयोग होता. जुने विद्यार्थी नोकऱ्यांवर रजा टाकून आले होते. प्रयोगाआधी पॉलिश पेपरने पत्रा घासायचा, नाहीतर मळाखालून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत; हे काम माझं. मी पेपर हातात घेतला, पण हात पुढे जाईना. पुजलेल्या वस्तूवर खरखर कशी घासायची? कुंकू ओल्या फडक्याने टिपलं, दिसायला पत्रा स्वच्छ झाला. तुम्ही विचारलंत, "पत्रा घासलात ना, बाई?" आणि मी म्हटलं, "हो सर."

पानं मिटलीच नाहीत. तुम्ही दिवा जवळ आणलात, पुन्हा भार दिलात, पंखे बंद करायला लावलेत. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, इलेक्ट्रॉन पण रजेवर गेले वाटतं!" सगळे हसले, प्रेमानेच हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "दिवा म्हातारा झालाय, माझ्यासारखाच." सगळं तपासलंत तुम्ही, एका माझ्या शब्दावर सोडून. मी ट्रे धरून तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं बोलले नाही.

तुमचा निरोप समारंभ झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी एकटीने पत्रा घासला. तेल गेलं, खालचा काळसर थर गेला. तोच दिवा लावला. पानं मिटली, सर. बघता बघता मिटली. मी खाली बसून रडले. पुढे चेंबूरला तुमच्या घरी आले, ते हेच सांगायला. पण तुम्ही अंथरुणाला खिळलेले. उशीवरून मान वळवून पहिलं काय विचारलंत, तर "तो दिवा बदलला का हो त्यांनी?" मी तुमच्या पायावरची चादर सारखी केली आणि पुन्हा "हो" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. पोरांना दिसायला पाहिजे." पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात. दिवा चांगला होता, सर. तुमचा हातही चांगला होता. एवढं एक वाक्य तुमच्या उशाशी ठेवून यायचं होतं, ते मी तसंच मुलुंडला घरी परत घेऊन आले.

हे पत्र कुठे टाकायचं, हे मला कळत नाही, म्हणून टाकणारही नाही. आता कोण रागावणार, कोण माफ करणार? तरी वाटतं, तुम्ही एकदा कडाडून रागवावं. तुमचा आवाज तरी ऐकू येईल. परवा माळ्याचा, लाडवांचा हिशेब सांगून झाल्यावर नात म्हणाली, "आजी, झकास! तुला कोणी शिकवलं गं हे?" आणि मी म्हटलं, "कोणी नाही, वाचून वाचून आलं." तीही आता सगळीकडे सांगत सुटलीय, माझी आजी स्वतःच्या स्वतः शिकली. मोठेपणासाठी नाही म्हटलं, सर. तुमचं नाव घेताना माझा आवाज नीट राहत नाही, आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं.