तीनशे एकाहत्तर मतं

वाकोला, सांताक्रूझ पूर्व
७ ऑगस्ट २०२५

प्रिय बाळदादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. चाळीच्या जागी बिल्डिंग झाली, आता सातव्या मजल्यावर राहते. शेजारची दारं बंद असतात. बोलणं होतं ते लायब्ररीतच.

तिथे आम्ही प्रदर्शन लावलंय, महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या खासदारांचं. याद्या मी केल्या. बासष्टला आपल्या जागा चव्वेचाळीस, सदुसष्टला पंचेचाळीस, सत्त्याहत्तरपासून अठ्ठेचाळीस. तीन महिने संध्याकाळी त्या नावांचीच सोबत होती. पहिल्या दिवशी बघायला सात माणसं आली.

एकोणनव्वदचा निकाल तपासताना खाली अपक्षांत आपल्या आबांचं नाव दिसलं. मतं ३७१. मी फाइल मिटून ठेवली.

आबा शिडी खांद्यावर घेऊन फिरायचे, आठवतं? निशाणीच ती मिळाली होती. गिरणीतलं काम गेलेल्यांसाठी दिल्लीत कुणीतरी बोललं पाहिजे, म्हणायचे. माझ्या कॉलेजच्या मुली हसायच्या. मी रस्ता बदलून जायचे.

मतदानाच्या दिवशी मित्रांच्या आग्रहाने तू दुसऱ्या उमेदवाराच्या टेबलावर बसलास, आणि ते आबांनी पाहिलं. निकालानंतर तू शपथेवर सांगितलंस की मत त्यांनाच दिलंय. त्यांनी ऐकलं नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "माणिक, तू तरी दिलंस ना मला?"

मी हो म्हणून मान हलवली. तू बॅग भरलीस आणि घर सोडलंस.

दादा, मी दिलं नव्हतं. एकोणीस वर्षांची होते, पहिलंच मत. शिडीवर शिक्का मारायला हात गेला आणि मला लाज वाटली. शिक्का दुसरीकडे मारला.

शेवटच्या वर्षी आबा रोज म्हणायचे, बाळ्याने मला मत दिलं नाही. मी त्यांना पेज भरवत होते. तेव्हाही गप्प राहिले. तू आलास ते त्यांना पोचवायलाच, आणि चहा न घेता गेलास. मी जिन्यापर्यंत आले होते, तू वळून पाहिलं नाहीस.

त्या तीनशे एकाहत्तरांत एक मत तुझं आहे, माझं नाही. माफ कर म्हणायला छत्तीस वर्षं उशीर झालाय, म्हणून म्हणत नाही. हे पत्र वहिनीला वाचून दाखव. मुलांनाही दाखव. तुझ्या घरात तरी तू खरा ठरायला हवास.

तुझ्या वाटचं घर एकटीने वापरलेली,
माणिक