टेन्शन कुणी दिलं, आई?

प्रिय आई,

काल शालीमावशींची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून त्यांचं तोंड डावीकडून, उजवीकडून, जिभेखालून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, एकदम स्वच्छ. आता पुढच्या वर्षी या." बाहेर आल्याबरोबर मावशींनी मला हुकूम सोडला, "बायक कळव." तुम्हाला त्या अजून बाय म्हणतात, आणि बोलण्याच्या भरात तुम्ही गेलात हे विसरतात. मी म्हटलं, "आता कसं कळवू, मावशी?" मग म्हणाल्या, "तू शिकलेली मा? लिव काय ता."

म्हणून लिहितेय. तुमची धाकटी बहीण ठणठणीत आहे, ही पहिली बातमी. हॉस्पिटलातून निघून त्यांनी घाटकोपरला घरी परतण्याआधी इडली खाल्ली, चटणी दोनदा मागितली आणि हॉटेलवाल्याला नारळ कसा वाटावा ते शिकवलं.

पण नुसतं तेवढं लिहून माझं समाधान होणार नाही. तुमच्याशी मी कधी थोडक्यात बोलले होते का? आपलं बोलणं म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे किमान दोन चहा.

मी मुलुंडची, बाबा अकोल्याहून आलेले, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. तुम्ही मालवणच्या, देव्हाऱ्यात रवळनाथ. तुमच्या संदीपनं माझं नाव घरी सांगितलं तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोलणंच टाकलंत. लग्नाला आलात, पण बुद्धवंदना संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर तोंड फिरवून बसलात. माझ्या आईनं स्वतः तुमच्यासाठी खिरीची वाटी आणली. तुम्ही ती खाल्लीत आणि म्हणालात, "वेलची जास्त झाली." माझी आई आजही म्हणते, त्या दिवशी मला कळलं, या बाईशी जमेल.

जमलं ना आपलं? वेळ लागला, पण जमलं. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत तुमचं माशाचं कालवण आणि माझा ठेचा एकाच ताटात आला. ठेचा खाताना तुम्हाला घाम फुटायचा, तरी बोट चाटत राहायचात आणि मला म्हणायचात, "ह्या जेवण नाय, शिक्षा आसा."

त्या ठेच्यावरच तुम्ही पहिलं खापर फोडलंत. गालाच्या आत फोड आला, तो बरा होईना. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुझ्या मिरचीन तोंड इला." मी ठेचा बंद केला. तूप लावायला दिलं, तुम्ही लावलंत. मग तोंड पूर्ण उघडेना, तेव्हासुद्धा गप्प राहिलात. का हो, आई? मिरचीबद्दल तासभर बोलायचात आणि दुखतंय हे दोन शब्द बोलता येत नव्हते? यावर माझा अजून राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

शेवटी दात हलायला लागला म्हणून गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलात. त्यांनी दाताला हातच लावला नाही. संदीपला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, उद्याच्या उद्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

आणि दुसऱ्याच दिवशी शालीमावशी घरात. दारातच पर्स टाकून त्यांनी निकाल दिला, "बायक ह्या टेन्शनान झाला. सून इली नि घरात टेन्शन इला."

मी स्वयंपाकघरात होते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मला हलता येईना. कारण खरं सांगू? तो विचार त्यांच्याआधी माझ्या डोक्यात येऊन गेला होता. तुम्ही संदीपशी बोलत नव्हतात ते दिवस, ते रडणं, ते उपास. मोबाइलवर तर रोज कुणीतरी पाठवतंच की, मनात साठलेलं दुःख गाठ होऊन बाहेर येतं. मग ही गाठ माझीच ना?

बाहेरून तुमचा आवाज आला. जेमतेम तोंड उघडत होतं, तरी आला. "शाले, माका टेन्शन कोण देतलो? मीच सगळ्यांका देतंय."

मला हसू आलं, आणि दूध पुसता पुसता रडूही आलं.

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा मावशी हट्टानं बरोबर आल्या. संदीप, मी, मावशी, खोलीत उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई ऑपरेशनचं समजावत होत्या आणि तुम्ही मध्येच हात वर केलात, शाळेतल्यासारखा.

"डॉक्टर, एक खरा सांगा. टेन्शनान कॅन्सर होता? ही माझी बहीण म्हणता, सुनेन टेन्शन दिल्यान म्हणान माका झालो."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मावशी छताकडे बघायला लागल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "आजी, टेन्शनमुळे थेट कॅन्सर होतो, असं ठामपणे म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही. अभ्यास चालू आहेत. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. म्हणून मी कुणाकडे बोट दाखवणार नाही, तुम्हीही दाखवू नका. पण टेन्शन आलं की माणूस काय करतो, ते मला महत्त्वाचं वाटतं. कुणी सिगारेट ओढतं, कुणी दारू पितं, कुणाची झोप जाते, कुणी दुखणं अंगावर काढतं. तुम्ही काय करता?"

"मिश्री लावतंय."

"भाजलेली तंबाखू. दिवसातून किती वेळा?"

"टेन्शन नसला तर सकाळी नि सांजवेळी."

"आणि असलं तर?"

"मगे कोण मोजता?"

पोरवयापासून तुम्ही ती काळी पूड दातांना आणि हिरड्यांना चोळत होतात. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आम्हाला ती तंबाखू कधी वाटलीच नाही, दात घासायची पूड वाटली.

मग तुम्ही जे केलंत त्यामुळे मावशी आज ठणठणीत आहेत. मान न वळवता म्हणालात, "डॉक्टर, आता हिचा पण तोंड बघा."

"माका काय झाला? मी नाय लावत," मावशी म्हणाल्या. बोलताना काळे दात सगळ्यांना दिसले.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च उचलला. मावशींच्या गालात आत पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. तपासल्यावर कळलं, अजून कॅन्सर नाही, पण तसंच चाललं असतं तर होऊ शकला असता. चट्टा काढला. मिश्री बंद, आणि तपासणीला येत राहायचं.

मावशींचं तोंड पाहिलं त्या दिवशी निघताना तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात, अगदी हळू. "मी रडलंय तर चलात? रडल्यान वाढणा नाय ना?" तेव्हा मला समजलं की इतके दिवस तुम्ही डोळ्यांत टिपूस का येऊ देत नव्हतात. कुणीतरी सांगितलं होतं, आनंदी राहा, रडलात तर आजार वाढेल. आजारी माणसाला रडायचीही चोरी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुशाल रडा, आजी. मन हलकं झालं तर झोप लागेल, दोन घास जास्त जातील. गाठीचं आम्ही बघतो."

आणि मग रिक्षात तुम्ही दोघी बहिणी गळ्यात पडून काय रडलात. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि गपचूप गाणी बंद केली. घर आल्यावर तुम्ही नाक पुसून मला म्हणालात, "भूक लागली गो."

रात्री जेवण झाल्यावर मी विचारलंच. म्हटलं, आई, टेन्शनमुळे मिश्री वाढली असेल, तर थोडा वाटा माझाही झाला ना? तुम्ही कपाळावर हात मारलात. "डबी माझी, बोट माझा. तू खंय मध्ये इलंस?"

ऑपरेशननंतरचे दिवस सोपे नव्हते. गालाचा तुकडा गेला, रेडिएशननं चव गेली, शब्द घरंगळायला लागले. तरी रोज सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल घाटकोपरला. बोलणं नाही, काही नाही. तुम्ही फोनसमोर दात काढायचात, म्हणजे समोर मावशींनी काढायचे. काळं दिसलं की तुम्ही फोन कापायचात आणि दिवसभर उचलत नव्हतात. मावशी ओवा चघळत, मला शिव्या घालत सुधारल्या. तुम्हाला घालायची हिंमत नव्हती ना.

माझा पातळ भात तुम्ही भरवून घ्यायचात आणि प्रत्येक घासाला नाव ठेवायचात. ते दिवस मला चांगले आठवतात, आई. आपण खूप हसलो. हसल्यानं कॅन्सर बरा होतो असं नाही, हेही आपण डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. तरी हसलो, फुकटचं.

मग मानेत परत आलं, आणि तुम्ही गेलात.

बाराव्याला तुमचे चुलत दीर तंबाखूचं पान चघळत म्हणाले, "काय करणार, लग्नाचं टेन्शन घेतलंन वहिनीनं, तेच लागलं." मी पत्रावळी उचलत होते. या वेळी माझे हात थांबले नाहीत. संदीप उठायच्या आत मावशी उठल्या.

"टेन्शनान नाय गेली माझी बाय. मिश्रीन गेली. आमच्या आवशीन आमका दोघींका शिकवल्यान, तिकाही ठावूक नव्हता. नि ह्या पोरीन तिका शेवटपर्यंत भरवल्यान. परत टेन्शनाचा नाव काढलास तर आधी तुझा तोंड उघडून बघतलंय. थुक ता पान."

त्यांनी पान थुंकलं, आई. खरंच थुंकलं.

कालची एक गोष्ट सांगायची राहिली. आत सोडण्याआधी नर्सनं विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे? नातं काय?" मी 'बहिणीची सून' म्हणायला तोंड उघडलं, तोवर मावशी बोलून मोकळ्या झाल्या.

"सून," त्या म्हणाल्या. "माझी."

नर्सनं मान डोलावली, आणि आम्ही आत गेलो. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, जणू काही घडलंच नव्हतं. तुमच्याच बहीण शोभतात.

तर आई, एवढं वचन घ्या माझ्याकडून. आजारी माणसाच्या उशाशी बसून 'हे कुणामुळे झालं' असा हिशोब कुणी मांडायला लागलं, तर मी गप्प बसणार नाही, घरात नाही आणि सोसायटीतही नाही. आणि पुढच्या वर्षी मावशी आल्या नाहीत, तर मी घाटकोपरला जाऊन त्यांना उचलून आणेन. त्या कितीही बोलल्या तरी.

तुमची, आणि कालपासून मावशींचीही, सून
प्रज्ञा