रांजणावरचा नंबर

आप्पा, परवा माणसं मोजायला मर्दुमशुमारीवाले आले होते. शाळेतले नवीन मास्तर. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी विचारलं, "घरात चुली किती?" मी तोंड उघडायच्या आत आतून तिचा आवाज आला, "एकच हाय. ल्हिवा." ती म्हणजे वाडीची. तुमची दुसरी लेक. होय, आता ती माझ्याजवळ राहते, ते पुढं सांगते. मास्तरांनी आम्हा दोघींची नावं लिहिली, वयं लिहिली, आणि लिहिता-वाचता येतं का त्या रकान्यापाशी आल्यावर न विचारताच 'नाही' लिहायला घेतलं. मी म्हटलं, "थांबा. दोघींना येतं." ते बघतच राहिले. जाता जाता सांगून गेले की यंदा वाडी गावातच धरायची आहे, घराला घर लागलंय, आता आपलं गाव मौजे राहत नाही, कसबा होणार. ज्याच्यासाठी तुम्ही वीस वर्षांमागं जिवाचं रान केलं होतं, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं आणि शेजारच्या दारात गेले. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. म्हणून लिहायला बसले.

त्या वर्षी मी अठरा वर्षांची होते. कपाळ पांढरं करून माहेरी येऊन चार वर्षं झाली होती. पहिलं वर्ष मी माजघराच्या कोपऱ्यात नुसती बसून काढलं, मग एक दिवस तुम्ही ओढ्यावरचा बोरू आणलात, माझ्यासमोर बसून चाकूनं त्याला तिरपी जीभ केलीत आणि म्हणालात, "रडून झालं असंल तर आता हे धर." गावातल्या एकाही बाईच्या हातात बोरू नव्हता. ज्यांना नवरे होते, लेकरं होती, अंगावर दागिने होते, त्यांच्याकडं बघून मी मनात म्हणायची, असू द्या तुमचं तुम्हाला, माझ्या बापानं मला अक्षर दिलंय. तेवढी एकच गोष्ट माझी एकटीची होती, आप्पा. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

मर्दुमशुमारी जवळ आली तशी तुमच्या अंगात काय संचारलं होतं! शाळामास्तर म्हणून आपल्या भागाची मोजणी तुमच्याकडं होती, वर बाकीच्या मोजणाऱ्यांवर देखरेखही तुमचीच. तहसिलीत कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवून दिलं होतं की गाव कसब्यात गेलं तर शाळा चौथीवरून सातवीपर्यंत जाईल, दवाखाना येईल. मला आठवतंय, तुम्ही चुलीपुढं पाट घेऊन बसलाय आणि आई भाकरी थापतेय. तुम्ही म्हणताय, "सरकारचा हिशेब सरळ हाय. एका लगत वस्तीत पाच हजार माणसं भरली तर कसबा, न्हाई तर मौजे. आपलं गाव थोडक्यात राहतंय. वाडी धरली की भरतंय." आई मान वर न करता म्हणते, "वाडी कावून धरायची? मधी ओढा न्हाई का?" तुम्ही म्हणता, "ओढ्याला पाणी किती दिस असतं? आन् ओढ्याच्या ह्या कडंला कुंभाराची सा घरं हायेत की. मोकळं रान मधी आलं तर गाव दोन, घराला घर लागलं तर गाव एक." आई म्हणाली, "सरकारला लागू द्या घराला घर. मला न्हाई लावायचं." तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

कारण वाडीत तुमचं दुसरं घर होतं. दर सोमवारी आई महादेवाचा उपास धरायची आणि तुम्ही वाडीच्या पोरांना शिकवायला म्हणून ओढा उतरायचात. सगळ्या गावाला माहीत होतं, आईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिथं एक बाई आहे, तिला माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी लेक आहे, एवढं मी ऐकून होते. आई 'वाडी' हा शब्द एरवी कधी तोंडातून काढायची नाही, 'ओढ्यापलीकडं' म्हणायची. मला वाईट वाटायचं ते आईचं. स्वतःसाठी मी जळत नव्हते, खरंच सांगते. ते नंतर सुरू झालं.

तुमची नजर अधू झाली होती, म्हणून कच्च्या कागदांवरून पक्के कागद उतरवायचं काम तुम्ही मला दिलंत. आठ दिवस मी ओसरीवर बसून गाव लिहीत होते. बायकांच्या ओळी आल्या की लिहिता-वाचता येतं का, तिथं नाही, नाही, नाही. माझी स्वतःची ओळ आली तेव्हा मी 'होय' एवढं मोठं काढलं की वरच्या ओळीला टेकलं. तुम्ही चांगलेच डाफरलात. "सरकारी कागद हाय, रांगोळी न्हाई. सगळ्या ओळी एका मापाच्या पायजेत." मी कान धरून तो ताव पुन्हा लिहिला, पण आत सुखावले होते. मग वाडीचा ताव आला. हात सवयीनं 'नाही' लिहीत चालला होता. एका घराला कर्ता पुरुष नाही, कर्ती बाई, तिच्याखाली लेक, वय सोळा, बिनलग्नाची, आणि रकान्यात तुमच्या अक्षरात 'होय'.

आप्पा, तुमच्या भागातल्या सगळ्या बायकांत दोनच होय होते. एक माझा आणि एक तिचा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुम्ही त्या घरी जाता हे मी सोसलं होतं. तिथं जेवता, तिथं हसता, तिला बाजारातून बांगड्या आणता, आणा बापडे. पण अक्षर? सोमवारचे ते धडे वाडीच्या पोरांचे नव्हतेच तर. माझ्या मनात एकच घोळायला लागलं, आधी कुणाला शिकवलंत? माझ्यासाठी कापलेला बोरू हा तिच्यासाठी कापून उरलेल्या काडीतला होता की काय? मी 'होय' लिहिलं. तुम्ही ताडून बघाल म्हणून लिहिलं. त्या दिवशी मी जेवले नाही आणि आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आता रांजणाचं. घरोघरी गेरूनं नंबर घातले होते, पण कुंभारांची घरं कुडाची, त्यांच्या बायका दर आठवड्याला भिंती सारवणार आणि नंबर शेणाखाली जाणार. तुम्ही तोड काढलीत. दारापुढं मोठाले रांजण पालथे घातलेले असायचे, त्यांवर नंबर घातलात. "भिंत सारवतील, रांजण कोण सारवतंय?" म्हणत खूश होऊन घरी आलात. आणि माघात लिंबागणेशची जत्रा भरली तशी कुंभारांनी रांजण गाडीत घातले आणि जत्रेत विकून टाकले, नंबरासकट! एक तर म्हणे एका बाईनं नंबर बघूनच पसंत केला, सरकारी छाप आहे म्हणून. घरं जागेवर आणि त्यांचे नंबर दुसऱ्यांच्या न्हाणीघरात. तुम्ही डोक्याला हात लावून बसलात आणि आई किती तरी दिवसांनी पदर तोंडावर घेऊन हसली.

पुन्हा नंबर घालायच्या आतच तहसिलीचे गिरदावर तपासणीला आले. तो सोमवार होता. मांजरसुंब्याच्या बाजूनं घोड्यावरून आले, ओढ्याकडून फिरून आपल्या ओट्यावर टेकले. मी दाराआडून पक्के कागद पुढं सरकवले. "मास्तर कुठं गेले?" मी सांगितलं, वाडीला. "ओढ्याकाठी कागदावर कुंभारांची सहा घरं आहेत आणि नंबर एकावरही नाही. हे कसं?" मी रांजणाची हकीकत सांगितली. ते पोट धरून हसले. "वाह मास्तर, बहोत खूब!" मग डोळे पुसून म्हणाले, "नंबर गेला तर गेला, परत घालता येतो. तुम्ही एवढंच सांगा, ती माणसं बारा महिने तिथं राहतात का? चूल तिथंच पेटते? का हंगामापुरती झोपडी आहे?" त्यांनी ताव उचलून बघितला. "हे अक्षर कुणाचं?" "माझं." "मग तुम्हाला माहीत असणारच."

मागच्याच श्रावणात, ओढा दुथडी भरून चाललेला असताना, त्या सहातल्या एका घरात बाळंतीण होती. आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू दिले होते आणि ते मीच नेऊन दिले होते. मी म्हटलं, "न्हाई जी. हंगामापुरते येतात. पाऊस लागला की उठून जातात." गिरदावरांनी लाल शाईनं एक रेघ मारली. कुंभार हंगामी ठरले, मधलं रान मोकळं ठरलं, ओढा हद्द ठरला. वाडी वेगळी झाली आणि ते दुसरं 'होय' माझ्या गावातून गेलं. घोडा वळणाआड जाईपर्यंत मी दाराआडून बघत होते. मला बरं वाटलं, आप्पा. लई बरं वाटलं.

तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की घोटाळा रांजणांनी केला. मौजेचा निकाल लागल्यावर तुम्ही तहसिलीला किती अर्ज केलेत, प्रत्येक अर्ज मीच उतरवला, आणि प्रत्येकात 'सदरहू चूक माझ्या हातून झाली' हे वाक्य तुम्ही घालायला लावलंत. गाव तुम्हाला रांजणमास्तर म्हणायला लागलं. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "मास्तर, आमचं घर कितीला घेता? आजून भाजायचं हाय बरं का!" तुम्ही हसून पुढं जायचात, पण घरी आल्यावर पायरीवर बराच वेळ पागोटं मांडीवर घेऊन बसायचात. मी तुम्हाला पाणी आणून द्यायची. रोज ठरवायची, आज सांगू. आणि दर सोमवारी तुम्ही ओढा उतरलात की सांगायचं राहून जायचं.

त्यात माझ्या कपाळाचा खेळ बघा. वाडी वेगळी मौजे झाली म्हणून तिला वेगळी शाळा मंजूर झाली, आणि तिथं जायला तुमच्याशिवाय तयार कोण होतं? सोमवारचं जाणं रोजचं झालं, मग रोजचं येणं बंद झालं. मी माझ्या तोंडानं तुम्हाला तिकडं पोचवलं. पाच वर्षांनी तुम्ही गेलात तेही तिच्याच दारात. आम्ही ओढा ओलांडून पोचलो तेव्हा तुमच्या उशाशी ती बसलेली होती आणि पाणी तिनंच पाजलं होतं. मी रडले त्यातलं निम्मं रडं त्या पाण्यासाठी होतं.

मग तापाची साथ आली, एकाच आठवड्यात माझी आई गेली आणि तिचीही गेली. पंधरा दिवसांनी ती एक गाठोडं घेऊन या दारात उभी राहिली. तिला कुणी कधी मागणी घातली नव्हती आणि घालणारही नव्हतं. म्हणाली, "अक्का, दोन घरी दोन चुली पेटवून काय करायचं?" मी बाजूला सरकले. गाठोड्यात दोन लुगडी होती आणि एक बोरू, तस्साच तिरप्या जिभेचा. त्याला बारा-तेरा वर्षं झाली. आम्ही भांडतो, बोलतो, एकमेकींचे पाय चेपतो. पण तो प्रश्न मी तिला कधी विचारला नाही.

परवा मास्तर गेल्यावर तिनं न विचारताच सांगितलं. "मला आप्पानं लई उशिरा शिकवलं. तुमचे कागद आणायचे, समोर ठिवायचे आन् म्हणायचे, असं काढ, माझ्या थोरलीसारखं. मला तुमचा असा राग यायचा अक्का, वाटायचं तुमचा कागद चुलीत घालावा." आणि हसली. म्हणजे तीही जळत होती, ओढ्याच्या त्या बाजूला बसून, माझ्यावर. हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण लगेच मनात आलं, म्हणजे माझे कागद तुम्ही मला न विचारता तिकडं नेत होता. बघा, अडतीस वर्षांची बाई मी. आणि अजून एक सांगते, माझं बघून शिकली, पण आज तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. तुमच्यासारखं 'ल' काढते. मला अजून जमत नाही.

रांजणांचा काही दोष नव्हता, आप्पा, आणि तुमचाही नव्हता. हे तुम्हाला सांगितलं, तिला सांगितलेलं नाही. हे पत्र घरात ठेवावं तर पंचाईत. आई असती तर उतरंडीत खुशाल ठेवलं असतं, तिला वाचता येत नव्हतं. हिला येतं, तुम्हीच शिकवलंत. जाळून टाकावं म्हणून मघाशी उठून आत गेले, तर घरात चूल एक आणि चुलीपुढं ती बसलेली. "काय ल्हितायसा एवढं?" म्हणाली. मी काही नाही म्हटलं आणि कागद कमरेला खोचून तिच्या शेजारी भाकरी थापायला बसले.