गाळलेली बातमी

गुरुजी, काल बुलढाण्याला नव्या ग्रंथपालांपुढे मला बोलायला उभं केलं. विषय होता ग्रंथपालाचं कर्तव्य. वाचकाला काय झेपेल हे आपण ठरवायचं नाही, हा तुमचा नियम मी स्वतःचा असल्यासारखा ठोकून दिला. टाळ्या पडल्या. मेहकरला परतताना इतकी लाज वाटली की गळ्यातला हार बसच्या सीटवरच ठेवून उतरलो.

आपल्या वाचनालयाची ती एकच खोली आठवते. नागपूरचा पेपर दुपारच्या मोटारीनं यायचा, तोही शिळा. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते संध्याकाळी ओट्यावर जमायचे आणि तुम्ही त्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवायचात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पदरचं एक अक्षर न घालता. जपानशी लढाई सुरू झाल्यापासून पिंजारी चाचाही येऊ लागले. कापूस पिंजायचं धनुष्य भिंतीला टेकवून बसायचे, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. एकुलता मुलगा पलटणीत गेलेला आणि त्याचं शेवटचं पत्र रंगूनहून आलेलं. रोज एकच प्रश्न, "मास्तर, पोराच्या मुलखाचं काई आलं का?"

एका संध्याकाळी तुम्हाला ताप आहे, म्हणून तुमच्या हाताखालचा मी वाचतो आहे. रंगून पडल्याची बातमी पहिल्याच पानावर आहे आणि चाचा मान वर करून समोर बसले आहेत. मी सरळ खालच्या बातमीवर उतरलो. दया आली म्हणून असं केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर त्यांचा चेहरा मला बघवला नसता, एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी एका शिंप्यानं भर बाजारात त्यांना विचारलं, "चाचा, रंगून तं पडलं, पोराचं कसं आता?" चाचा तसेच वाचनालयात आले. रागावले नव्हते, आणि तेच मला आजही सोसत नाही. म्हणाले, "बाबू, तुमी वाचलं नाई, का मलेच आइकू आलं नाई?"

आणि मी म्हणालो, "तुमाले आइकू आलं नसन, चाचा."

कान चोळत ते निघून गेले. तुम्ही कपाटामागे पुस्तकं लावत होता, सगळं ऐकलं होतंत. बाहेर आलात. "त्याले डोळे नाईत अक्षराचे, म्हनून आपले उसने देतो आपन. त्यातला एक झाकून देनारा तू कोन बे? अन् वरून त्याचे कानही खोटे ठरवले?" मग कालचा पेपर काखेत मारून अशक्त अंगानं त्यांच्या घरी गेलात. मी मागून. दारात उभं राहून ती बातमी पूर्ण वाचलीत. चाचा म्हणाले, "आजून एकदा." पुढे मुलगा हातीपायी धड परत आला. पण मी वाचायला बसलो की चाचा शेवटी विचारायचे, "सगळं वाचलं न?"

पुढे म्हातारपणी तुमची दृष्टी गेली तेव्हा रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून मी पेपर वाचायचो. खामगावचे तुमचे एक शाळासोबती दर संक्रांतीला यायचे, त्यांची तुम्ही वाट बघत होता. एका सकाळी आतल्या पानावर त्यांच्या निधनाची चार ओळींची बातमी होती. मी ती ओलांडून पुढे गेलो. तुम्ही चहाची कपबशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "सगळं वाचलं न बे?"

"हाव, गुरुजी."

संक्रांत आली. मोटारीचा भोंगा वाजला की तुम्ही दाराकडे तोंड फिरवायचात. तिळगूळ वाटीत तसाच राहिला. शेवटी भिंतीकडे वळून म्हणालात, "इसरला तो मले." मी तिथेच बसलो होतो; तिळगुळाची वाटी उचलून फळीवर ठेवली. पुढची संक्रांत तुम्ही पाहिली नाहीत. मित्रानं पाठ फिरवली असं समजून गेलात, आणि ते माझ्यामुळे.

हे कागद मी कुठल्याही टपालपेटीत टाकणार नाही. लिहून झाल्यावर मात्र तुमच्या शिस्तीप्रमाणे सगळं एकदा मोठ्यानं वाचायला बसलो. घरात ऐकणारं कोणी नव्हतं. खामगावच्या त्या बातमीपाशी आलो, आणि ती ओळ गाळून पुढच्या ओळीवरून वाचलं.