बेसिनला खालून धरतं कोण?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. गेला आठवडाभर मी न्हाणीघराच्या फरशीवर आडवाच होतो, त्यामुळे आठही अंगांना आता चांगली सवय झाली आहे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजी सकाळी फिरायला जातात, की नुसते बूट घालून पेपर वाचतात? इकडे आम्ही सगळे ठीक. माझी मान तेवढी डावीकडे वळत नाही, पण डावीकडे तसं बघण्यासारखं काही नसतं.

तर आमचं जुनं बेसिन तू पाहिलेलं आहेस. ओट्यावर ठेवलेलं, भोवती उंच काठ, आणि त्या काठापाशी कायम साचलेलं पाणी. दात घासून झाले की हिचा हात फडक्याकडे जायचा आणि नजर माझ्याकडे. शेवटी हिने दुकानात ते नव्या तऱ्हेचं बेसिन पाहिलं, दगडी ओट्याच्या खालून लावायचं. वरून नुसतं भोक दिसतं, काठ नाही, सांडलेलं पाणी हाताने सरळ आत लोटायचं. घ्यायचं ठरलं. दगडवाला आला, ग्रॅनाइटला सुरेख लंबगोल भोक पाडलं, कडा आरशासारख्या घासल्या आणि निघाला. मी म्हटलं, बेसिन? तर म्हणाला, "ते प्लंबरचं काम." प्लंबर आला, भोकातून हात घालून दगड चाचपला आणि म्हणाला, "दगडाला चिकटवायचं म्हणजे दगडवाल्याचं काम. चिकटलं की बोलवा, पाइप जोडून देतो." दोघांना एकाच वेळी बोलवायचा मी फार प्रयत्न केला, पण ते दोघं सूर्य आणि चंद्र आहेत. तोवर बेसिन दिवाणखान्यात, सोफ्यावर, पाहुण्यासारखं बसून राहिलं.

आणि सोफ्याशेजारी अप्पांची खुर्ची.

अप्पांचं तुला फोनवर मी नेहमी 'बरे आहेत' म्हणून सांगतो. बरे होतेच. जेवत होते, औषधं घेत होते. पण सायकलचं दुकान बंद करून इथे आल्यापासून त्यांनी काहीही विचारणं सोडलं होतं. तुला आठवतं ना, आपल्या लहानपणी घरातली एक वस्तू अशी नव्हती की जी त्यांनी उघडली नाही. आईचं शिलाई मशीन तिला कायम सुट्या भागांत भेटायचं. तोच माणूस इथे खिडकीशी बसून प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणायचा. टीव्ही बंद पडला तरी 'हं'. मी मुद्दाम समोर मिक्सर उघडून बसलो, तरी 'हं'. (तो मिक्सर अजून उघडाच आहे. हिला सांगू नकोस, तिला वाटतं दुरुस्तीला दिलाय.)

तर त्या दिवशी अप्पांनी सोफ्यावरच्या बेसिनकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे ओट्यावर बसत नाही?"

"नाही अप्पा. खालून लागतं."

"मग खालून धरतं कोण?"

ताई, ओळीने दोन प्रश्न! मग म्हटलं, सिलिकॉनने चिकटवतात, शिवाय दोनचार क्लिपा लावतात.

"म्हणजे डिंक," अप्पा म्हणाले. "पाण्याने भरलेलं बेसिन डिंकावर लोंबकळणार?" आणि ते खुर्चीतून उठले. जेवायची वेळ नसताना उठले.

मग आता कोणाची वाट बघायची? आम्हीच लावायचं ठरवलं. मी ओट्याखाली आडवा, पोटावर बेसिन, बेसिनच्या काठाला सिलिकॉन. अप्पा दारात स्टुलावर, देखरेखीला. ही वरून भोकातून बघत सूचना देत होती. "जरा डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या. अरे, पाय कुठे आहेत तुझे, त्यावरून ठरव ना!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिची डावी बाजू कोणती ते मला त्या दिवशी कळलं. बेसिनच्या मधल्या भोकातून तिचा फक्त एक डोळा दिसत होता, आणि एका डोळ्यानेही माणूस किती नाराज दिसू शकतो, हे मला नवीन होतं. शेवटी बेसिन जागेवर आलं. खाली टेकू म्हणून पालथी बादली, तिच्यावर पाट, पाटावर माझा जाडा शब्दकोश. आम्ही विजयी मुद्रेने जेवायला बसलो. मी पहिला घास तोंडात घातला आणि आत कोणीतरी लठ्ठ माणूस फार वेळ उभं राहून एकदाचा मटकन बसावा तसा आवाज आला.

बेसिन फुटलं नव्हतं. टेकूवरून कलंडून काठाने शब्दकोशाला मात्र घट्ट चिकटलं होतं. मला रडू येत होतं, हिला हसू येत होतं, आणि अप्पा? अप्पांचा चेहरा उजळला होता!

"का पडलं?" ते म्हणाले. त्यात दोष देणं अजिबात नव्हतं गं. लहान पोर 'ढग कशाचे असतात' म्हणून विचारतं तसं. मग त्यांनी हात खाली घालून दगडाच्या पोटावरून बोट फिरवलं. बोट पांढरं. दगड कापल्याची पूड. "हे बघ, तू दगडाला चिकटवलंच नाहीस. धुळीला चिकटवलंस." हा शोध लागल्यावर ते इतके खूश झाले की बेसिन पडलं हेच बरं झालं असं मलाही वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दगड खालून पुसला, थिनरने पुन्हा पुसला. आणि अप्पांनी पलंगाखालची आपली ट्रंक ओढून काढली. आम्हाला वाटायचं तिच्यात कागदपत्रं असतील. ट्रंकेत सायकलच्या ट्यूबा होत्या! आणि हवा भरायचा पंप. पाटावर ट्यूब, ट्यूबवर फळी, फळीवर बेसिन, आणि अप्पा पंप मारायला लागले. ट्यूब फुगली तसं बेसिन अंगात आल्यासारखं हळूहळू वर गेलं आणि दगडाला जाऊन भिडलं. चारी बाजूंनी सिलिकॉन बाहेर डोकावलं.

"बास, अप्पा!"

"अजून थोडं."

"ओटा उचलला जाईल!"

"मला बघू दे," म्हणाले, आणि पंप ठेवून चक्क माझ्या शेजारी फरशीवर आडवे झाले. मी बॅटरी धरली. कुठे चिकटलं, कुठे फट राहिली, आपण दात घासताना वरच्या वरच बघतो आणि खाली केवढं राज्य असतं, असं बरंच काही बोलत होते. मग उठायला गेलो, तर त्यांचे गुडघे उठेनात आणि माझी मान. ही दारात येऊन उभी राहिली. "दोघं काय करताय तिथे?"

"बघतोय," अप्पा म्हणाले.

बेसिन आता पक्कं बसलंय. प्लंबर येऊन पाइप जोडून गेला. ते किंचित तिरकं आहे, नळाची धार मधोमध न पडता काठाशी पडते आणि ओटा भिजतो तो भिजतोच. हिने ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि अप्पांच्या देखत एक अक्षर बोलली नाही. नंतर मला बोलली.

भाऊजींना नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. : अप्पा रविवारी तुझ्याकडे येताहेत. आपणहून निघालेत, मी सुचवलंसुद्धा नाही. पिशवीत कपडे कमी आणि पंप, ट्यूबा जास्त आहेत. 'ताईचं बेसिन हलतं' एवढंच मी बोलता बोलता म्हणालो होतो.

पुन्हा ता. क. : तुझं बेसिन हलत नाही, मला माहीत आहे. भाऊजींना सांगून शनिवारी ते जरा सैल करून ठेव. आणि अप्पांनी 'कशाने हललं?' असं विचारलं, तर काही सांगू नकोस. त्यांचं त्यांना शोधू दे.